एक ठिपका कमी

"ठिपकी, तार कापताना हातभर जास्तच ठेवावी. जास्तीची कापायला पक्कड कुठे पळून जात नाही. पण कापलेली तार मागे येत नाही, बरं!"

बाबांचा तो आवाज तिच्या कानात इतका ताजा होता, की मोटर वाइंडिंगच्या दुकानाच्या पायरीवर उभी असतानाच ती बोलून गेली, "हो बाबा."

काउंटरपलीकडे एक तरुण पंपाच्या पोटात डोकं घालून बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "बाबा म्हणण्याइतका म्हातारा दिसतो का हो मी?"

ठिपकीचे कान तापले. "तुम्हाला नव्हतं म्हटलं. तांब्याची तार हवीय. ऐंशी हात."

आता त्याने मान वर काढली. कपाळावर ग्रीसचा एक लांब ओरखडा, आणि डोळ्यांत हसू… अगदी काठोकाठ.

"हात? कुणाचे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे की माझे? माझ्या हाताने मोजली तर तुमचा फायदा आहे."

"फायद्याचं माझं मी बघते. तुम्ही तार बघा."

"चाळीस मीटर देतो, उरेल थोडी. कशाला हवीय एवढी?"

"हवेत टांगायला."

"अख्खी?"

"अख्खी."

त्याने रीळ उतरवलं, मोजून भेंडोळं केलं आणि तिच्या हातात देताना क्षणभर सोडलंच नाही. "ही मऊ असते, मोटरसाठीची. ताण पडला की लांबते. टांगण्याआधी खांबाला बांधून चांगली खेचून घ्या. एकदा हौस फिटली की मग गप बसते."

ठिपकीने पिशवीतून रुमालाची गाठ काढली. आत एक काळं, जड कडं होतं. "आणि यावर दुहेरी तारेचे बारा वेढे हवेत. शेजारी शेजारी, एकावर एक न चढता."

"बाराच? मी चारशे वेढे मोजतो बाई, एकही चुकत नाही." त्याने लगेच सुरुवात केली. बोटं भरभर चालली. "पाच… सहा… सात… आठ…" बाहेरून वाऱ्याचा झोत आला, तिच्या कपाळावरची बट उडाली, तिने ती कानामागे सारली. "नऊ… नऊ…"

"नऊ झाले का दहा?"

"कुणास ठाऊक!" त्याने तार सगळी उलगडून टाकली. "हे उद्या घरी आणून देतो. तुम्ही समोर असलात की वेढे चुकतायत."

ती पायऱ्या उतरली ती जरा जास्तच भराभर.

बाबांचा आवाज तिच्या कानातच उरला होता, कारण घशात तो उरला नव्हता. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र गेलं. माणूस वाचला, बोलणं गेलं. पण बाबा होते जुने तारमास्तर. सगळं आयुष्य टिंब आणि रेघा वाजवण्यात गेलेलं. घरी आल्या आल्या त्यांनी खुर्चीशेजारच्या टेबलावर सरावाची कळ आणि छोटा बझर मांडून घेतला. टिक म्हणजे ठिपका, टीऽ म्हणजे रेघ. त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं… फक्त ते समजणारं माणूस घरात एकच होतं. लेकीचं 'ठिपकी' हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पाळण्यात तिला बझरचा आवाज लागायचा. घरातलं तिसरं माणूस म्हणजे आत्या. तिला तो आवाज दारावरच्या बेलसारखा वाटे. चार महिने झाले तरी ती अधूनमधून दार उघडून बघत असे.

म्हणूनच मागच्या महिन्यात आलेल्या चांगल्या स्थळाला ठिपकीने 'नाही' कळवलं होतं. कारण कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? मी या घरातून गेले तर बाबांचं बोलणं ऐकणार कोण?

आणि बाबांचा एक नेम होता. एकतीस वर्षं, रोज सकाळी सात वाजता, ते हौशी रेडिओवरून बेटावरच्या काकांशी बोलत. काका दीपगृहावर. दोघांनी एकमेकांना उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पण एकाला ताप आला तर दुसरा काढा सुचवत असे. बाबा इस्पितळात असताना वादळ झालं आणि गच्चीवरची रेडिओच्या अँटेनाची जुनी तार तुटून गेली. नेम मोडला. मागच्या आठवड्यात काकांचं पत्र आलं:

"मास्तर, इथे फोन लागत नाही हे तुला माहीत आहे. मी रोज सातला कळ धरून बसतो. महिनाअखेर मुलाकडे राहायला जातोय, तिथे तार लावायला जागा नाही. त्याआधी एकदा तरी ये."

"मी लावते तार," ठिपकीने बाबांचा हात हातात घेऊन वचन दिलं होतं. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा ती केव्हाच पास झाली होती. पण तार लावायचं काम आजवर बाबांचं. आता महिना संपायला नऊ दिवस होते. सकाळी सातला बाबा कानाला हेडफोन लावून बसत, ऐकू येई ती नुसती खरखर, आणि त्यांची बोटं गुडघ्यावर थडथड वाजत राहत. ते बघून ठिपकीच्या पायाला भिंगरी लागे. खाली, वर, पुन्हा गच्चीवर.

"बाप खुर्चीत वळवळतोय, लेक गच्चीवर भणभणतेय," आत्या म्हणे, "आणि मधल्या मध्ये दूध माझं उतू जातंय!"

दुसऱ्या दिवशी वाइंडिंगवाला कडं घेऊन आला. बारा वेढे, नजर लागावी असे. बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि कळीवर बोट ठेवलं. बझर बराच वेळ वाजला.

आत्या दाराकडे निघाली. "बस गं आत्या, बाबा आहेत," ठिपकी म्हणाली.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

बाबा म्हणाले होते, पोराच्या हाताला वळण आहे, जरा थांबवून घे त्याला.

"चहा घ्या म्हणतायत," ठिपकी म्हणाली.

बझर पुन्हा वाजला. मी असं म्हटलंच नाही.

"आणि साखर किती, विचारतायत."

"कमी," तो म्हणाला. त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो बाबांच्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघत होता. आवाज न होता माणूस पोट धरून हसतो ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं. त्याची बोटं नकळत गुडघ्यावर काहीतरी मोजत होती.

चहा झाल्यावर तो गच्चीवर आला. "नुसता बघतो. हवेत टांगतात म्हणजे काय ते."

ठिपकीने दाखवलं. मधोमध ते कडं, रेडिओची केबल तारांना जुळवून देणारं. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तारा, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. सगळ्यात लांब जोडी काकांच्या सातच्या लहरींसाठी, मधली दुपारच्या लांबच्या गप्पांसाठी, धाकटी अशीच, हौसेची. तीन जोड्या, आणि खाली येणारी केबल एकच. बाबांच्या वहीतून मापं घेऊन, तारा खेचून, हातभर जास्त ठेवून तिने त्या कापल्या होत्या. रेडिओ आणि आकाशतार यांच्यामध्ये एक मीटर होता. दिलेल्या ताकदीतली किती उलटून परत येते ते तो दाखवी.

तिने लांब जोडीवर ताकद दिली. काटा उजवीकडे जाऊन आपटला.

"हे चांगलं का वाईट?"

"सगळं परत येतंय." तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. गेले दोन दिवस नीट न जेवलेली ती, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर मटकन बसली. "असं कसं… वहीत आहे तस्संच केलं. एकवीस हात. वर हातभर जास्त."

"एकवीस हात," तो हळूच म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "कुणाचे?"

ठिपकीने त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. त्याने खिशातला टेप काढला, विचारून मग तिचं कोपर अलगद टेकवलं आणि मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. त्रेचाळीस सेंटिमीटर. मग दोघं धडाधड जिना उतरले. बाबांनी न विचारता हात पुढे केला. अठ्ठेचाळीस!

हातभर जास्त ठेवूनही लांब जोडी अर्ध्या मीटरहून जास्त आखूड पडली होती.

बाबांनी कपाळावर हात मारला आणि कळ दाबली. 'हात माझा होता, हे वहीत लिहायचं राहिलं.' हे मात्र ठिपकीने जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगता सांगता रडवेली झाली. "पण कापलेली तार मागे येत नाही ना!"

"येत नाही. झाळता येते," वाइंडिंगवाला म्हणाला. "आमचा धंदाच तो. जळलेलं सोडवायचं, तुटलेलं जोडायचं. रडताय काय?"

"मी रडत नाहीये."

"मग डोळ्यांना गळती आहे वाटतं. तीही झाळू का?"

आता मात्र ती हसली… आणि त्याच्या हातातला टेप सटकन गुंडाळला जाऊन त्याच्याच बोटावर बसला.

दोन दिवसांनी, झाळलेल्या तारा घेऊन तो सकाळीच हजर. गच्चीवरचं एक टोक सोपं होतं. दुसरं समोरच्या शाळेच्या पटांगणातल्या निलगिरीच्या उंच फांदीवरून न्यायचं होतं. त्यासाठी बेचकीने शिशाचा गोळा मारायचा, गोळ्याला बारीक दोरा, दोऱ्यामागून दोर. वारं सुटलं होतं. भुरभुर पाऊसही होता, असून नसल्यासारखा. पहिला गोळा फांदीखालून गेला. दुसरा शाळेच्या पत्र्यावर ठण्णकन वाजला.

"द्या इकडे," ठिपकी म्हणाली. "बाबा म्हणतात, नेम चुकला तर चालतो, नेम मोडला नाही म्हणजे झालं."

तिने ओठ दाबून, एक डोळा मिटून रबर ताणलं. गोळा फांदीवरून अलगद पलीकडे उतरला, जणू तिथे जायचं त्याचं आधीच ठरलं होतं. तो टाळ्या वाजवायचंसुद्धा विसरला.

दोर ओढून झाल्यावर तो पक्की गाठ मारायला निघाला तसा तिने त्याचा हात धरला. "अंहं, बांधायचं नाही. कप्पीतून घेऊन वजन टांगायचं. झाड डोलतं, घर डोलत नाही. ताठ बांधलं तर पहिल्या वाऱ्याला तुटेल. तारेत थोडा झोल हवाच."

"तरी मला वाटतच होतं, यात काहीतरी झोल आहे म्हणून."

"कशात?"

"या सगळ्यात. मी दुकान बंद ठेवून दुसऱ्याच्या गच्चीवर भिजतोय… आणि बरं वाटतंय." त्याने धरलेल्या हाताकडे पाहिलं. तिने तो सोडला. "एक विचारू? म्हणजे… तुमचं कुठे… ठरलेलं…"

"विचारू नका."

"बरं."

"विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल." ती वाऱ्याकडे तोंड करून, अगदी हळू बोलत राहिली. "बाबा दिवसभर बोलतात. कुणीतरी ऐकायला हवं. आत्या बेल समजून दार उघडते. मी गेले तर ते कायमचे मुके होतील. ऑपरेशनने झाले नाहीत, ते माझ्यामुळे होतील."

त्याने वजनाचा लोखंडी गोळा दोराला नीट अडकवला, गाठ दोनदा तपासली. मग "येतो" म्हणून जिना उतरून गेला.

आणि चार दिवस आला नाही.

ठिपकी एकटीच तारा जुळवत राहिली. लांब जोडी टोकांशी बोटभर कापावी तर मधली बिघडे. मधलीची समजूत काढावी तर धाकटी फुगून बसे. एकीला हात लावला की दुसरी रुसते, तशातली गत. पण काटा खाली आला. दिलेलं आता परत येत नव्हतं. फक्त… काका सापडत नव्हते. बेटाकडे वादळी हवा होती. सातला बाबा कळ दाबत आणि उत्तरादाखल नुसता कडकडाट. चार सकाळी अशाच गेल्या. दिवसा गल्लीतून कुणाची पावलं वाजली तरी ती कठड्याशी धावे. येतो म्हणाला होता ना? की माणसं 'जातो' म्हणायच्या ऐवजी म्हणतात, तसलं 'येतो'?

"कठडा झिजला गं," आत्या खालून ओरडली. "नवीन बसवायला त्यालाच बोलवावं लागेल आता!"

महिना संपायला एक दिवस उरला, त्या संध्याकाळी तो आला. डोळे जागरणाने लाल, कपाळावर ग्रीस तेच. ठिपकीला ओलांडून तो थेट बाबांच्या समोर जाऊन बसला.

"मास्तर, मला साखर कमी लागते, हे खरं. पण तुम्ही त्या दिवशी साखरेचं विचारलंच नव्हतं."

ठिपकी जागच्या जागी थिजली.

"तुम्ही काय वाजवलंत ते मी मोजून ठेवलं होतं. मोजणं माझा धंदा आहे. आत्यांकडून तुमचं जुनं पुस्तक नेलं आणि लावून पाहिलं. 'मी असं म्हटलंच नाही.' बरोबर?"

"रद्दी म्हणून दिलं हो मी!" आत्या आतून म्हणाली, पण तिचा आवाज हसत होता.

"आठ दिवसही झाले नाहीत, तेव्हा चुकेल. कळ काढा थोडी," असं म्हणून त्याने बाबांची कळ आपल्याकडे ओढली. चारशे वेढे न चुकणारा माणूस तो… एकेक अक्षर अडखळत, घाम पुसत, त्याने वाजवलं. ठिपकीच्या कानावर ते पडल्यावाचून राहणारच नव्हतं.

मला तुमच्या मुलीचा सात हवा.

बाबांची भुवई वर गेली. त्यांनी कळ घेतली आणि सावकाश, मुलाला शिकवतात तसं वाजवलं. 'सात? सात काय?'

तो गोंधळला. बोटांवर मोजू लागला. ठिपकीच्या लक्षात आलं. चार ठिपके म्हणजे 'ह'. तीन ठिपके म्हणजे 'स'. बिचाऱ्याला 'हात' म्हणायचं होतं.

बाबांना आता चेव चढला होता. तारेत अक्षरं वाचवायची म्हणून ते 'थ'चा 'त' करत, म्हणजे 'सात'ची 'साथ'ही होऊ शके. त्यांनी पुढे वाजवलं, 'साथ म्हणायचं असेल तर मुलीचा नाही, मुलीची. व्याकरण कच्चं. आणि हात म्हणायचं असेल तर एक ठिपका कमी पडला.'

त्याने ते एकेक अक्षर पुटपुटत लावलं. शेवटच्या शब्दापाशी थांबला. मग कळीला हात न लावता, तोंडानेच म्हणाला:

"तो ठिपकाच तर मागायला आलोय, मास्तर."

बाबांनी चष्मा काढून पुसला. आत्याने डोळ्याला पदर लावला आणि उगाचच कांदा चिरायला घेतला.

ठिपकी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. तिच्या छातीत इतकी धडधड होत होती, की ती त्यालाही वाचता येईल अशी भीती वाटावी.

"चार दिवस कुठे होता?"

"अभ्यासाला. तुमचं म्हणणं खोडून काढायचं तर बाबांना ऐकणारं दुसरं माणूस हवं होतं. ते तयार करत होतो. अजून कच्चं आहे… पण रोज बसेन मी. काहीही ठरलं तरी बसेन. तुम्ही नाही म्हणालात तरी."

कठड्यावर त्याचा हात होता. तिने आपला हात शेजारी ठेवला. मध्ये बोटभर अंतर. "उद्या शेवटची सकाळ आहे. मी बाबांना शब्द दिलाय. तो पुरा होईपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही."

"मी येऊ सातला?"

"नको. तुम्ही समोर असलात की माझे वेढे चुकतात." ती पायरीकडे बघत म्हणाली. "काका सापडू देत, नाही तर न सापडू देत… मीच येईन दुकानात. उत्तर घेऊन. हा माझा शब्द."

सकाळ निवळ होती. झाडाचं पानही हलत नव्हतं. तार थेंबांच्या मोत्यांनी ओवलेली. सातला पाच मिनिटं असताना बाबा बसले. ठिपकीने स्पीकर लावला, आत्या हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. सात. बाबांनी काकांना हाक घातली. खरखर. पुन्हा हाक. खरखर. बाबांची बोटं गुडघ्यावर वाजू लागली… आणि त्या खरखरीच्या तळातून, बारीक, पण जुन्या ओळखीच्या लयीत काहीतरी वर आलं.

"बेल नाही ही," आत्या कुजबुजली. "होय ना?"

"काका आहेत, आत्या!" ठिपकीचा आवाज फुटला. ती रडत, हसत मोठ्याने वाचू लागली. "म्हणतायत, मास्तर, उशीर केलास."

बाबांनी वाजवलं, 'घसा बसला होता.'

'तुझा घसा आणि माझे गुडघे. आवाज स्वच्छ येतोय तुझा. तार कुणी लावली?'

'ठिपकीने. हाताचा थोडा घोटाळा झाला.'

बराच वेळ दोघं बोलत राहिले. औषधं, पाऊस, एकतीस वर्षांचं काय काय. मग काकांची लय जरा मंदावली. 'उद्यापासून मी नसेन. सातला काय करशील रे मास्तर?'

बाबांनी कळीवरचं बोट उचललं, खिडकीबाहेरच्या तारेकडे पाहिलं, मग लेकीकडे. आणि वाजवलं:

'एकाची शिकवणी घ्यायचीय. त्याचा ह अजून कच्चा आहे.'

हे मात्र ठिपकीने आत्याला वाचून दाखवलं नाही.

ती हळूच उठली. खिडकीत तारांचे कापून उरलेले तुकडे पडले होते. त्यातला एक लांबसा तिने उचलला आणि कोपरापासून बोटापर्यंत धरून पाहिला. बरोब्बर हातभर. तिचा हातभर. तो बोटाभोवती गुंडाळून तिने मुठीत घेतला. मागे बझर वाजतच होता. बाबांनी मान वळवली नाही, फक्त डावा हात किंचित हलवला. जा म्हणाल्यासारखा.

चपला हातात घेऊन, दार आवाज न करता ओढून, ती जिना उतरू लागली. गल्लीच्या टोकाला दुकानाचं शटर अर्धवट वर होतं. चालता चालता तिचं बोट मुठीतल्या तारेवर टिचक्या मारत होतं, पुन्हा पुन्हा… एक, दोन, तीन, चार.